चष्म्यातले दिवे

३ मार्च, सोमवार

डाव्या हातात टेबललॅम्प, उजव्या हातात कॅमेरा, आणि पायात येऊ नये म्हणून लॅम्पची वायर दातांत. अशा स्थितीत मी बायकोला म्हणालो की हनुवटी जरा खाली घे. तिला कळले नाही. ती म्हणाली, आधी तोंडातलं काढा, मग बोला. मी वायर सोडली. वायर माझ्याच पायात आली. प्लग निघाला.

दिवा परत लागेपर्यंत तिने वह्या तपासायला घेतल्या होत्या.

फोटो एकच निघाला. अर्धा चेहरा भाजल्यासारखा, अर्धा नाहीच. चष्म्याच्या दोन्ही काचांत टेबललॅम्प, स्विचसकट.

दोष कॅमेऱ्याचा नाही. माझा तर नाहीच. प्रकाश कमी पडतो.

निश्चय: घरातच छोटा स्टुडिओ उभारायचा. स्वस्तात.

४ मार्च, मंगळवार

काल कारण लिहायचे राहिले.

बायको शाळेची मुख्याध्यापिका झाली. शाळेच्या लांब कॉरिडॉरमध्ये आजवरच्या सात मुख्याध्यापकांचे फोटो आहेत. सातही पुरुष. पाच जणांना मिशा. आठवा खिळा ठोकून तयार आहे. शाळेच्या क्लार्कने सांगितले आहे की २८ तारखेला दुपारपर्यंत फोटो हवा, त्याच संध्याकाळी कार्यक्रमात लागणार. तिथे एकदा लागलेला फोटो निघत नाही. मागे भिंती रंगवल्या तेव्हासुद्धा फोटो उतरवले नाहीत, भोवतीने रंग दिला.

ती कधी काही मागत नाही. या वेळी म्हणाली, आयुष्यात एक तरी फोटो धड असावा. लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक फोटोत तिचे डोळे मिटलेले आहेत. ते फोटो माझ्या आतेभावाने काढले होते. घरचा माणूस, फुकट काढतो म्हणून त्याला सांगितले. हौशी माणसाच्या हाती असली कामे देऊच नयेत.

ती म्हणाली, कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन येते, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हणालो, घरात फोटोग्राफर असताना? आतल्या खोलीतून आई म्हणाली, कोण आलंय?

६ मार्च, गुरुवार

अभ्यास सुरू. जेवणाच्या सुट्टीत चार व्हिडिओ पाहिले, सुट्टी संपल्यावर सहा.

कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. नळाच्या तोट्या. थेंब गळला की तोटी बाद. इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही वाईट तोटी बाहेर गेलेली नाही. साहेब म्हणतात, चांगल्याही फारशा गेल्या नाहीत. ते विनोदी आहेत.

सांगायचा मुद्दा, पारख माझ्या अंगात आहे. तिचा उपयोग आता घराला होईल.

पोर्ट्रेटला तीन दिवे लागतात. एक मुख्य, एक सावली मऊ करणारा, एक मागून केसांवर. पण नवशिक्याने एकापासून सुरुवात करावी, असे सगळे म्हणतात. मी नवशिका नाही. तरी एकापासून करतो, कारण एकच परवडतो.

रिंगलाइट मागवला.

८ मार्च, शनिवार

रिंगलाइट आला. गोल, पांढरा, मध्ये भोक. भोकातून फोटो काढायचा. सावली पडत नाही. मोठी सोय.

बायको बसली. चष्म्यात दोन लखलखीत बांगड्या. मुलगी म्हणाली, बाबा, आई घुबडासारखी दिसतेय. बायको फोटो बघून हसली, पण फोटो नको म्हणाली.

रिंगलाइट चष्मा नसलेल्यांसाठी आहे, हे खोक्यावर लिहायला हवे होते. कंपन्या ग्राहकांना फसवतात. तो मुलीने तिच्या खोलीत नेला. ती त्याच्यासमोर बसून मैत्रिणींशी बोलते आणि उत्तम दिसते. तिला चष्मा नाही. माझा मुद्दा सिद्ध होतो.

निश्चय: यापुढे पूर्ण तयारी झाल्याशिवाय बायकोला बसवायचे नाही. तिचा वेळ वाया जातो. सरावाला आई आहे. ती बसूनच असते.

११ मार्च, मंगळवार

कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन आलो. केवळ पाहणी. नुसते आत कसे जाणार, म्हणून स्वतःचा पासपोर्ट फोटो काढून घेतला.

सामग्री दयनीय आहे. दोन जुने छत्रीचे दिवे. एका छत्रीला चिकटपट्टी. मागे निळा पडदा. आपल्या भागातला प्रत्येक माणूस गेली कित्येक वर्षे त्याच निळ्या पडद्यासमोर त्याच चेहऱ्याने बसतो आहे. स्टुडिओवाला दुकानाच्या वरच राहतो. खाली उतरताना चहाचा कपही घेऊन उतरला. कलेकडे बघण्याची ही रीत नव्हे.

त्याला मी विचारले की मुख्य दिव्याचा कोन किती ठेवता. तो म्हणाला, तुम्ही बघा इकडे. मी बघितले. झाले म्हणाला.

फोटो वाईट नाही. मी मुळात बरा दिसतो.

१३ मार्च, गुरुवार

दोन सॉफ्टबॉक्स आले. जोडीत स्वस्त पडले. सॉफ्टबॉक्स म्हणजे काळ्या कापडाची पेटी. आतून चंदेरी, पोटात बल्ब, तोंडाला पांढरे कापड. प्रकाश त्यातून गाळून येतो. घरात कुणालाच याचे अप्रूप नाही.

जोडायला दोन तास. पुस्तिकेतल्या चित्रातला माणूस हसत जोडतो. माझ्या बोटाचे साल गेले.

दोन्ही उभे केल्यावर हॉल संपला. सोफ्यावर बसायचे तर डाव्या स्टँडखालून वाकून जावे लागते. आईच्या खोलीचे दार अर्धेच उघडते. आई म्हणाली, मी अर्धी येऊ की अर्धी आत राहू? मी म्हणालो, थोडे दिवस. ती म्हणाली, माझ्याकडे थोडेच आहेत, जपून वापर.

बायको शाळेतून आली. दोन्ही काळ्या पेट्यांकडे बघत थोडा वेळ दारात उभी राहिली. मग वाकून स्वयंपाकघरात गेली.

१५ मार्च, शनिवार

आईवर चाचणी. प्रकाश मऊ. सावली सुरेख. पण आई हिरवी.

कॅमेऱ्याची सेटिंग तपासली. आई हिरवीच. मग कळले. हॉलची भिंत पोपटी आहे. दिव्याचा प्रकाश भिंतीवर आपटतो आणि हिरवा होऊन चेहऱ्यावर येतो. रंग आईने निवडला होता. मी तेव्हाही विरोध केला होता, मनात.

आईला दाखवले. ती म्हणाली, बरी दिसतेय की, ताजी.

बायकोने विचारले, उद्या रविवार आहे, मला सवड आहे, उद्या काढायचा का? मी म्हणालो, घाई करू नकोस. मुख्याध्यापिका हिरवी असून चालणार नाही. ती म्हणाली, बरं. ती समजूतदार आहे.

१६ मार्च, रविवार

घरातल्या सगळ्या चादरी भिंतींवर. पांढऱ्या दोनच निघाल्या. उरलेल्या जागी फुलाफुलांच्या, उलट्या बाजूने. खिळे ठोकावे लागले.

आई आता हिरवी नाही. गुलाबी ठिपक्यांची आहे, पण अगदी फिकट. प्रगती.

बायको दिवसभर घरी होती. रिकामी होती, असे म्हणता येईल. तिने कपाट आवरले.

रात्री सगळे नुसत्या गाद्यांवर झोपले. मुलीने जेवताना मला पास द मीठ एवढेच म्हटले. तरुण पिढीला त्याग माहीत नाही.

१८ मार्च, मंगळवार

संकट. आईने उजव्या स्टँडवर ओला टॉवेल वाळत घातला. स्टँड पडला. बल्ब गेला. आई म्हणाली, दिवसभर रिकामा उभा होता, मला वाटलं त्यासाठीच आणलाय.

तसला बल्ब कोपऱ्यावर मिळत नाही. मागवला तर आठवडा. साधा घरगुती बल्ब आणून लावला. बल्ब तो बल्ब.

१९ मार्च, बुधवार

बल्ब तो बल्ब नव्हे. डावीकडचा पांढरा, उजवीकडचा पिवळा. आई मधोमध, नाकावरून फाळणी झालेली. तिने फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, या बाजूने मी बरी आहे आणि या बाजूला कावीळ झालीय. डॉक्टरला कुठली बाजू दाखवू?

उपाय सोपा आहे. दोन्हीकडे पिवळेच बल्ब लावायचे आणि कॅमेऱ्याला तसे सांगायचे. मी हे आधीच करणार होतो.

शाळेच्या क्लार्कचा बायकोला फोन. बाकी सगळं तयार आहे, मॅडम, फक्त तुम्ही नाही आहात, म्हणाला. उद्धट माणूस. बायको त्याला म्हणाली, होईल, आमच्याकडे घरीच काढतायत. हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. विश्वास असला की पाहावे लागत नाही.

२० मार्च, गुरुवार

बायकोने फोटोसाठी करडा कोट लाँड्रीतून आणला. हॉलच्या दारावरच्या खुंटीला टांगून ठेवला. चांगला आहे. तिला शोभेल.

ती शाळेत असताना मला तिच्या उंचीचे माप हवे होते. म्हणून अर्ध्या दिवसाची रजा. कोट एका स्टँडवर चढवला, वर डोके म्हणून पातेले पालथे घातले. पातेले फार चकाकते. पातेले काढून उशी बांधली.

आई आतून आली. म्हणाली, अगं, आलीस पण? किती वेळ उभी राहशील, बस ना जरा. उत्तर आले नाही तेव्हा म्हणाली, थकलीस. त्याला सांगते मी, सोडेल तुला.

मग तिने चष्मा लावला. पाणी प्यायली आणि आत गेली.

कोटाचे फोटो उत्तम आले आहेत. कापडाची वीण दिसते. तंत्र हाती आले, यात आता शंका नाही.

२३ मार्च, रविवार

बायकोला बसवले.

तिने सकाळीच आवरून ठेवले होते. कोट, केस, सगळे. मी म्हणालो, चेहरा मोकळा सोड. सोडला. दिवे लावले. रंग बरोबर. सावली मऊ.

चष्म्यात प्रत्येक काचेत दोन दोन पांढऱ्या खिडक्या. एकूण चार. डोळे त्यांच्या मागे कुठेतरी.

दिवे वर घेतले. खिडक्या गेल्या, पण चष्म्याच्या काडीची सावली गालावर, जखमेच्या व्रणासारखी. दिवे बाजूला नेले. एक खिडकी परत. आणखी बाजूला नेले. दिवा स्वयंपाकघरात गेला. तिथे मुलगी दूध तापवत होती. दूध उतू गेले. दोष माझ्यावर आला.

मी म्हणालो, चष्मा काढ. ती म्हणाली, चष्म्याशिवाय मी मी दिसत नाही, मुलांनी ओळखलं पाहिजे. मी म्हणालो, कॉरिडॉरमधल्या सात जणांपैकी मुलं कुणाला ओळखतात? ती म्हणाली, म्हणूनच.

जेवणाची वेळ होऊन गेली तरी ती बसून होती. मग तिने विचारले, आता हलू का?

कोट परत दाराला.

संध्याकाळी ती म्हणाली, राग मानू नका, उद्या शाळेतून येताना त्या स्टुडिओत जाऊन येऊ का मी? मी म्हणालो, आता? इतकं जवळ आल्यावर? ती म्हणाली, बरं.

ती फार पटकन बरं म्हणते, हे आज लक्षात आले. चांगला गुण आहे.

२५ मार्च, मंगळवार

चिडचिड. साहेबांनी विचारले, आज एकही तोटी बाद कशी नाही? मी त्यांना सांगणार होतो की काही माणसांच्या डोक्यात तोट्यांपलीकडचे विचार असतात. सांगितले नाही. संध्याकाळपर्यंत चाळीस तोट्या बाद केल्या.

चष्मा. चष्मा. चष्मा.

२६ मार्च, बुधवार

सापडले. इतके सोपे की स्वतःचेच कौतुक वाटले. काच चकाकते. काच नसेल तर काय चकाकणार?

रिकामी फ्रेम. फोटोत चष्मा आहे, काचा नाहीत, डोळे स्वच्छ. एका व्हिडिओत पाहिले, पण मलाही सुचलेच असते.

कपाटात तिचा जुना चष्मा आहे. पण तो तपकिरी आणि रुंद. आता ती काळा बारीक वापरते. मुलांनी ओळखले पाहिजे, हे तिचेच म्हणणे. तडजोड मला जमत नाही. काळ्याच्याच काचा काढायच्या. बारीक पेचकस कारखान्यातून आणला. दोन स्क्रू, दोन मिनिटे.

तिला आधी सांगायचे नाही. चकित होईल.

२७ मार्च, गुरुवार

संध्याकाळ. ती दमून आली. उद्याच्या कार्यक्रमाची तयारी. तरी तोंड धुवायला गेली. मोरीच्या कट्ट्यावर चष्मा काढून ठेवला. मी नेला. काचा काढल्या आणि चष्मा परत तिथेच ठेवला. टॉवेलने तोंड पुसत तिने तो डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला, पुसला, पुन्हा चढवला. म्हणाली, मला काहीतरी होतंय. मी तिला सगळे समजावून सांगितले. चकित झाली.

मी हात धरून तिला खुर्चीवर बसवले. कोट घातला. दिवे लावले. कॅमेऱ्यातून पाहिले आणि क्षणभर काहीच केले नाही. एकही खिडकी नाही. नितळ डोळे. मला ती अशी कधी दिसलीच नव्हती.

मग सुटलो. ऐंशीच्या वर फोटो. मी म्हणत होतो, इकडे बघ. ती म्हणत होती, बघतेय. मध्येच तिने विचारले, यातले तुम्ही कुठले? मी म्हणालो, मधला. ती म्हणाली, हां. मी म्हणालो, हस थोडी. हसली. फार छान हसली.

कॉम्प्युटरवर घातले. घरातले सगळे गोळा झाले. रंग, सावली, केसांची कड, सगळे पुस्तकातल्यासारखे. मुलगी म्हणाली, बाबा, आई कुणाकडे बघतेय?

सगळ्या फोटोंत ती डाव्या सॉफ्टबॉक्सकडे बघते आहे. तोच जवळ होता, आणि काचा नसताना तिला खोलीत तेवढेच दिसत होते. ज्यात छान हसली आहे, त्यातही ती सॉफ्टबॉक्सकडे बघूनच हसली आहे.

आई म्हणाली, लग्नात डोळे मिटले होते. आता उघडलेत, पण दुसरीकडे बघतेय. होईल हळूहळू.

बायको म्हणाली, चष्मा द्या.

काचा परत बसवायला घेतल्या. एक बसली. दुसरीचा स्क्रू बोटांतून सुटला. जिऱ्याएवढाही नव्हता. सगळ्यांना म्हणालो, हलू नका. सगळे जागच्या जागी उभे. मी गुडघ्यांवर. फरशी, चादरींची टोके, स्टँडचे पाय. नाही.

ती म्हणाली, उद्या अठ्ठावीस आहे. मी म्हणालो, पहाटे सहाला काढू. तुझा तपकिरी चष्मा आहे ना, त्याच्या काचा काढतो. आणि स्टँडला लाल फडके बांधतो, तुला कळेल कुठे बघायचे ते. सगळे ठरले आहे.

ती बरं म्हणाली नाही. कोट काढला, चाचपून खुंटी शोधली, टांगला. भिंतीला हात लावत लावत आत गेली.

अपयश नव्हे. उद्या पहाटे सहा.

२८ मार्च, शुक्रवार. सकाळ

सहाला दोन्ही दिवे लावून, लाल फडके बांधून तयार. खुर्ची रिकामी. कोट खुंटीवर नाही. आईची खोलीही रिकामी. दार पूर्ण उघडे होते. म्हणजे दाराआडचा स्टँड आईने स्वतः सरकवला.

मुलगी उठली. म्हणाली, आई आणि आजी स्टुडिओत गेल्यात. आजीने वर जाऊन त्या काकांना उठवलं.

आठच्या आत परत आल्या. आईने बायकोचा हात धरला होता, की बायकोने आईचा, ते कळले नाही. बायकोने तपकिरी चष्मा लावला होता. पाकीट टेबलावर ठेवले. फोटो पाहिला. निळा पडदा. डावीकडे उजेड किंचित जास्त. रुंद चष्मा, जुन्या पद्धतीचा. डोळे उघडे. बघणाऱ्याकडे बघते आहे.

पाकिटात आणखी एक फोटो होता. आईचा. मी विचारले, हा कशाला? आई म्हणाली, मला काय घाई नाही. पण तुझ्या भरवशावर राहिले तर भिंत रिकामी राहायची.

बायकोने चहा उभ्यानेच घेतला. संध्याकाळी पाचला कार्यक्रम आहे, म्हणाली, या. कॅमेरा आणू का, असे मी विचारले. ती म्हणाली, नुसते या. पाकीट घेऊन शाळेत गेली. आईने भिंतीवरून चादरी काढायला घेतल्या.

कारखान्यात उशिरा जाणार असे कळवले. डावा सॉफ्टबॉक्स स्टँडवरून उतरवून फरशीवर आडवा ठेवला आणि लावला. उजेड जमिनीलगत लांबपर्यंत गेला. स्क्रू लगेच दिसला. सोफ्याच्या पायाशी होता, आणि त्याची सावलीसुद्धा मऊ पडली होती.

प्रकाशात काहीच दोष नव्हता.